मोजमाप न करता बॅटरी आणि स्टार्टर बदलल्याबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग प्रमुख

विषय: आपल्या नागपूर येथील अधिकृत सर्व्हिस सेंटरने केलेले चुकीचे निदान व त्यापोटी घेतलेली रक्कम परत मिळणेबाबत

महोदय,

यंदाच्या मे महिन्यात माझी गाडी भर दुपारी सेल्फ घेईना. चावी फिरवली की नुसता ‘टक्’ आवाज येई, इंजिन हलत नसे. हेडलाइट मात्र लख्ख लागत. सकाळी तीच गाडी बिनतक्रार सुरू व्हायची. हे सगळे मी सर्व्हिस सेंटरमध्ये सांगितले आणि जॉब कार्डवर लिहूनही घ्यायला लावले.

तरीही आधी बॅटरी बदलली गेली. आठवडाही झाला नसेल, आईला मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात तपासणीला नेले असताना गाडी तिथेच अडली. त्या उन्हात तिला ऑटो मिळेपर्यंत उभे राहावे लागले. याचा मला अजून राग आहे. मग इंजिन फिरवून सुरू करणारी स्टार्टर मोटर बदलली. दोष तसाच राहिला. जुना स्टार्टर मागितला तर तो भंगारात गेला, असे उत्तर मिळाले.

शेवटी गणेशपेठेतल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. त्याने काहीही न उघडता व्होल्ट मोजायचा मल्टिमीटर काढला. त्याची एक काडी बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर, दुसरी इंजिनच्या उघड्या धातूवर धरली आणि मला सेल्फ मारायला सांगितले. तिथे अर्धा व्होल्टही दिसायला नको, मीटर 3 व्होल्टच्या वर गेले. बॅटरीवर मात्र 12 व्होल्ट टिकून होते. म्हणजे बॅटरीत दम होता, पण स्टार्टरला लागणारा शंभराहून अधिक अँपिअरचा करंट परत यायची वाट गंजली होती. इंजिन आणि बॉडी यांना जोडणारी अर्थिंगची पट्टी नटाखाली हिरवी पडली होती. हेडलाइटला थोडाच करंट लागतो, शिवाय त्यांचे अर्थिंग थेट बॉडीवर असते, म्हणून ते नीट लागत. इंजिन तापले की तो सैल, गंजका जोड आणखी बिघडे. पट्टी बदलून जागा घासून घेतल्यापासून गाडी ऐन दुपारीही पहिल्याच सेल्फला सुरू होते.

ही तपासणी काही मिनिटांची आहे आणि तिला महागडे यंत्र लागत नाही. आपल्या प्रशिक्षित लोकांना ती येत नसेल, असे मला वाटत नाही. ती केली गेली नाही, आणि त्याची किंमत मी मोजली. मोटर काढण्याआधी तिच्या टर्मिनलवर किती व्होल्ट पोहोचतात हे कोणी पाहिले होते का? जॉब कार्डवर एकही आकडा नाही.

म्हणून स्टार्टर आणि बॅटरीच्या बिलांची रक्कम मजुरीसह परत करावी. नवी बसवलेली बॅटरी आपण घेऊन जावी, माझी हरकत नाही. बदल करण्यापूर्वी कोणती मोजमापे घेतली, ते लेखी कळवावे. यापुढे ग्राहकाची लेखी संमती घेतल्याशिवाय काढलेला सुटा भाग भंगारात टाकू नये, अशी सूचना सर्व सर्व्हिस सेंटरना द्यावी.

पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत उत्तर न आल्यास ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार सेवेतील त्रुटीबद्दल नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करीन.

दोन्ही बिले, जॉब कार्ड आणि मीटरवरील आकड्याचा फोटो सोबत जोडला आहे.

आपला,
एक ग्राहक, नागपूर