मीटिंगहून आल्यावर

नौपाडा, ठाणे
रविवार, रात्री साडेअकरा

चि. अनिकेत,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालास, "आई, डॉक्टरांची संघटना म्हणजे निवेदनं, सत्कार आणि जेवणं. वर्गणी भरून मला काय मिळणार?" तेव्हा ओपीडीत पेशंट खोळंबले होते, म्हणून काही बोलले नाही. आत्ताच मीटिंगहून आले आहे. डोक्यात ताजं आहे तोवर लिहिते.

तू आठवीत असताना आपल्या नर्सिंग होममध्ये तोडफोड झाली, एवढंच तुला माहीत आहे. पुढचं कधी सांगितलं नाही. बाळंतपणानंतर एका बाईंचा रक्तस्राव थांबेना, म्हणून मी त्यांना मोठ्या रुग्णालयात हलवलं. त्या वाचल्या. पण अँब्युलन्स निघताच खाली जमलेल्यांनी काचा फोडल्या, सोनोग्राफीचं मशीन आडवं केलं. आपल्या दवाखान्यातल्या मावशींच्या मनगटात काच घुसली. मी आणि बाबा तक्रार द्यायला गेलो, तर एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नुसती नोंद, लिहून आम्हाला घरी पाठवायची तयारी चालली होती. रात्री दीडला संघटनेचे तेव्हाचे सेक्रेटरी आले. पायात घरातल्या स्लिपर, हातात दवाखान्यांवरचे हल्ले रोखण्यासाठीच्या 2010 च्या कायद्याची झेरॉक्स. 'दखलपात्र' आणि 'अजामीनपात्र' या शब्दांखाली पेनाने रेघा मारलेल्या. आवाज न चढवता त्यांनी वाचून दाखवलं, की डॉक्टर असो, नर्स असो, दवाखान्यात काम करणाऱ्या कुणावरही हात टाकला तर 3 वर्षांपर्यंत कैद आणि 50 हजारांपर्यंत दंड. पहाटे चारला एफआयआर झाला. जखमी म्हणून मावशींचं नाव त्यात आलं ते सेक्रेटरींनी आठवण करून दिली म्हणून. मला तर त्या वेळी काही सुचतच नव्हतं.

तो कायदा आपोआप झाला नाही रे. त्याआधी वर्षानुवर्षं डॉक्टर निवेदनं घेऊन मंत्रालयाच्या पायऱ्या चढत होते. तू ज्यांना हसलास ना, तीच ती निवेदनं.

संघटनेची प्रत्येक मागणी मला पटते असं नाही. गर्भलिंगनिदान रोखण्यासाठी गरोदर बाईच्या प्रत्येक सोनोग्राफीला जो फॉर्म एफ भरावा लागतो, त्यातल्या लिहिण्यातल्या चुकांना गुन्हा धरू नये, म्हणून स्त्रीरोगतज्ज्ञांची फॉग्सी सर्वोच्च न्यायालयात गेली होती. 2019 मध्ये हरली. एखादा रकाना राहिला म्हणून खटल्याला उभं राहावं लागणं काय असतं, ते मी मैत्रिणीच्या बाबतीत पाहिलं आहे, त्यामुळे तेव्हा फार लागलं. पण 2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात सहा वर्षांखालच्या हजार मुलग्यांमागे 894 मुली निघाल्या. तो आकडा आठवला की मी पेन उचलते आणि फॉर्म पुन्हा पहिल्यापासून तपासते.

आजची मीटिंग अग्निसुरक्षेवर होती. दर जानेवारी आणि जुलैत फॉर्म बी द्यायचा, आग विझवायची यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा. आपल्यासारखी सात खाटांची नर्सिंग होम्स जुन्या इमारतींत पहिल्या मजल्यावर आहेत, जिना एकच. दुसरा आणायचा कुठून? काही जण म्हणाले, लहान रुग्णालयांना सूट मागू या. मी उभी राहिले.

28 एप्रिल 2021 ला पहाटे मुंब्र्यात एका खासगी रुग्णालयाला आग लागली. दुसरीकडे हलवताना 4 रुग्ण गेले. त्याच आठवड्यात मी सिस्टरला चादरीवर झोपवून चौघांकडून आपल्या जिन्याने खाली न्यायला लावलं. वळणावर अडकलो. पुढच्याचा खांदा भिंतीला घासला, चादर हातातून सुटली आणि सिस्टरचं डोकं कठड्यावर आपटता आपटता वाचलं. ती तर धडधाकट, हसत उठून बसली. सिझेरियन होऊन चार तास झालेली बाई असती तर? दुसऱ्याच दिवशी जिन्यातलं चपलांचं कपाट आणि ऑक्सिजनचे रिकामे सिलिंडर हलवले. ते मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं, आज सगळ्यांसमोर सांगितलं. म्हटलं, सूट मागू नका. मुदत मागा, आणि अशा इमारतींत नेमकं काय करता येईल हे जागेवर येऊन सांगणारा जाणकार माणूस मागा. बराच वाद झाला. शेवटी निवेदनातला 'सूट' शब्द खोडून 'मुदत व प्रत्यक्ष मार्गदर्शन' असं घातलं. मसुदा मीच लिहिणार आहे.

तिथे मला तरुण माणसं हवी होती, अनिकेत. चाळिशीच्या आतले तिघेच होते. कॉर्पोरेट रुग्णालयात पगारी नोकरी करणार म्हणून तुला हे लागू नाही असं समजू नकोस. रात्रपाळीत कॅज्युअल्टीत नातेवाइकांचा घोळका अंगावर येतो, तेव्हा समोर उभा असतो तो तुझ्याच वयाचा पोरगा.

सभासदत्वाचा फॉर्म तुझ्या टेबलावर ठेवला आहे. दोन फोटो आणि रजिस्ट्रेशनची झेरॉक्स लागेल. शनिवारी येशील तेव्हा मसुदाही वाच. कायद्याची भाषा माझ्यापेक्षा तुला बरी जमते. खायला काय करून ठेवू, ते कळव.

तुझी,
आई