१८८५ चा सामना, १८८५ चेच नियम

संपादक महोदय, स. न. वि. वि.

फर्ग्युसन कॉलेज सुरू झाले त्या १८८५ सालचा क्रिकेट सामना स्नेहसंमेलनात मांडायचा, तर पागोटे-धोतर पुरेसे नाही. षटक चार चेंडूंचे ठेवावे. पाच चेंडू १८८९ पासून, सहा १९०० पासून. यष्ट्या २७ इंच उंच, तिन्ही मिळून रुंदी ८ इंच. आजच्या २८ बाय ९ लावल्या, की गोलंदाजाला फुकटचा फायदा. पायचीतवर तर हमखास वाद होतो! ऑफ यष्टीबाहेर टप्पा पडला, तर नाबादच; बाद देण्याची सुरुवात १९३५ ची. डाव घोषित करण्याची मुभाही १८८९ पासूनचीच.

जोडीला वादविवाद हवाच. रानड्यांची वसंत व्याख्यानमाला १८७५ ची, म्हणजे जाहीर भाषणांची आवड तेव्हाही होतीच. विषय एका होकारार्थी वाक्यात लिहावा. दुहेरी नकार आला, की दोन्ही बाजू एकच बोलू लागतात.

— एक क्रीडाप्रेमी, पुणे