गिअरबॉक्स उतरवायला शिकवणाऱ्या काकांस

आदरणीय काका,

सा. न. वि. वि.

हे पत्र मी तुम्हाला एकट्याला पाठवू शकलो असतो. पण माझदा मियाटासारख्या, मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या गाडीचा गिअरबॉक्स घरच्या गॅरेजमध्ये उतरवू पाहणारे मराठी लोक इथे न्यू जर्सीत आणि इतरत्रही आहेत. तुम्ही मला जे दाखवलेत ते त्यांच्याही उपयोगी पडावे, म्हणून हे आभार उघडपणे मानतो आहे.

माझी मियाटा 1992 सालची, 1.6 लिटर इंजिनाची. चढावर चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये इंजिनाचे फेरे वाढायचे, वेग मात्र वाढत नसे. क्लच प्लेट झिजली होती आणि ती बदलायची तर गिअरबॉक्स खाली घेण्यावाचून गत्यंतर नव्हते. तुम्ही तेव्हा इथे एडिसन गावी मुलीकडे आला होतात. एसटीच्या दापोडी कार्यशाळेत उभी नोकरी केलेल्या माणसाला निवृत्तीनंतर असले काम सांगणे मला प्रशस्त वाटले नसते. तुम्ही स्वतःहून आलात, हे मी विसरणार नाही.

तुम्ही आधी एकही बोल्ट सोडवू दिला नाहीत. गाडी चार स्टँडवर घेतल्यावर ती चारही बाजूंनी हलवून पाहिलीत, मग विजेरी घेऊन खाली आडवे झालात आणि गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या डिफरन्शियलपर्यंत नुसता हात फिरवत राहिलात. या गाडीत गिअरबॉक्सखाली आडवा आधार नसतो. त्याऐवजी अॅल्युमिनियमची एक लांब तुळई गिअरबॉक्सचे मागचे टोक थेट डिफरन्शियलला जोडते. तिला पॉवर प्लांट फ्रेम किंवा थोडक्यात पीपीएफ म्हणतात. अॅक्सिलरेटर दाबताच सगळी यंत्रणा पिळवटू नये आणि चाकांना लगेच ओढ मिळावी, यासाठी ही रचना आहे. तुम्ही असले काही आयुष्यात पाहिले नव्हते. तरीही थोड्याच वेळात म्हणालात, "यांनी इंजिन आणि डिफरन्शियल यांची कावड केली आहे. ही दांडी काढलीस की गिअरबॉक्स खाली येणार आणि इंजिन मागे कलणार." इंटरनेटवर मी जे दहा ठिकाणी वाचले होते, त्यातल्या एकाही ठिकाणी ही गोष्ट मला इतकी स्वच्छ समजली नव्हती.

त्यानंतर प्रत्येक टप्प्यावर तुम्ही मला एकच प्रश्न विचारलात: "वजन आत्ता कशावर आहे?" उत्तर आल्याशिवाय पाना लावायचा नाही. डिकीतल्या बॅटरीची वायर काढणे, आतून गिअरचा दांडा उचलून घेणे, तेल काढणे, सायलेन्सरचा पाइप सोडवणे ही कामे भराभर झाली. गिअरबॉक्सची ताकद डिफरन्शियलपर्यंत नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टच्या जोडावर रंगाची खूण करायला तुम्ही लावलीत, म्हणजे तो परत त्याच जागी बसेल. बसचा शाफ्ट दोन तुकड्यांचा आणि मध्ये बेअरिंगचा, हा एकसंध, पण खुणेचा नियम दोघांनाही सारखाच, असे तुम्ही म्हणालात. क्लचचा खालचा सिलिंडर नळी न सोडवता बाजूला तारेने बांधून ठेवला, त्यामुळे पुन्हा नळीतली हवा काढत बसावे लागले नाही.

पीपीएफ मात्र सहज निघाली नाही. डिफरन्शियलकडच्या टोकाला बोल्टभोवती एक धातूचा बुश असतो आणि तो इतक्या वर्षांत अॅल्युमिनियममध्ये घट्ट बसला होता. हातोडा तुमच्या शेजारीच होता, पण तुम्ही त्याला हात लावला नाहीत. गंज सोडवणारे तेल मारून आम्हाला चहा घ्यायला पाठवलेत आणि नंतर तो हळूहळू उचकटून काढलात. तोवर एक जॅक गिअरबॉक्सखाली आणि दुसरा, लाकडी ठोकळा ठेवून, इंजिनाच्या मागच्या भागाखाली लागलेला होता. पीपीएफ निघाल्यावर गिअरबॉक्सचे शेपूट जरासे खाली घेतलेत, त्याबरोबर इंजिन मागे कलले आणि बेल हाउसिंगचे, म्हणजे क्लचभोवतीच्या गिअरबॉक्सच्या आवरणाचे, वरचे बोल्ट, ज्यांच्यापर्यंत एरवी हात पोचत नाही, ते लांब एक्स्टेन्शन लावून मागच्या बाजूने सुटले. ज्या कलण्याचा तुम्ही सुरुवातीला इशारा दिला होतात, तेच कलणे तुम्ही कामाला लावलेत, आणि मला या सगळ्या कामातला हा भाग सर्वांत सुंदर वाटतो.

शेवटी गिअरबॉक्स मागे ओढताना तुम्ही फार कडक होतात. तो इंजिनाच्या सरळ रेषेतच मागे यायला हवा. त्याचे वजन क्षणभरही इनपुट शाफ्टवर, म्हणजे क्लच प्लेटमध्ये शिरणाऱ्या त्याच्या दांड्यावर, लोंबकळले, तर क्लच प्लेटचा हब किंवा टोकाचे छोटे बेअरिंग खराब होऊ शकते, आणि परत बसवताना तर नव्या प्लेटचे नुकसान ठरलेलेच. म्हणून तुम्ही जॅकची उंची केसाकेसाने बदलायला लावलीत. प्लेट बसवताना किटमधल्या दांड्याने ती मध्यावर आणलीत, ती दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरचे, थोडेथोडे आवळलेत, क्लच सोडवणारे रिलीज बेअरिंगही मला न कुरकुरता नवे टाकायला लावलेत आणि पीपीएफ परत चढवल्यावर गाडीच्या तळाला सरळ पट्टी लावून तिची उंची मोजल्याशिवाय शेवटचा आवळा दिला नाहीत.

गिअरबॉक्समध्ये 75डब्ल्यू-90 तेल, जीएल-4 दर्जाचे, सुमारे दोन लिटर भरले आहे. सगळे गिअर हलके पडतात, क्लच घसरत नाही, शाफ्टची थरथर नाही. जुन्या सहकाऱ्यांना दाखवण्यासाठी तुम्ही पीपीएफचे फोटो मागितले होते, ते सोबत पाठवत आहे. डिफरन्शियलकडच्या टोकाचा वेगळा, जवळून काढला आहे, म्हणजे बुश कुठे अडकतो ते त्यांना दिसेल.

काकूंना नमस्कार. कळावे, लोभ असावा.

आपला,
एडिसनचा शेजारी