शहाद्याकडच्या मंडपवाल्या आबांस

आबा, स. न. वि. वि.

हे पत्र तुमच्या घरीच टाकलं असतं. पण तुम्ही पत्ता दिला नाहीत, आणि मी पाकिटाला हात घालताच "निघा आता, उजेडात घाट चढा" म्हणून वाटेला लावलंत. म्हणून त्या दिवशी पावसात आमच्या गाडीचं छप्पर सावरून दिलंत, त्याचे आभार चारचौघांत लिहितोय. नातू मोबाइलवर दिसेल ते वाचत बसतो म्हणाला होतात, त्याच्या नजरेस पडलं तर तो वाचून दाखवेल. नाव घालत नाही. शहादा-तोरणमाळ रस्त्यावरच्या गावात सप्त्याचा मंडप सोडायला आलेले आबा, एवढी ओळख तुमच्या माणसांना पुरे.

गाडीवर ऑनिंग, म्हणजे बाजूला बाहेर पसरायचं कापडी छप्पर, बसवून देणाऱ्याने "कापड एकदम वॉटरप्रूफ" म्हणून सांगितलं होतं. खोटं नव्हतं ते. थेंब गळत नव्हता, म्हणून तर सगळं पाणी कापडाच्या पोटात साचत होतं. तीन मीटर लांब, अडीच मीटर बाहेर आलेलं ते छप्पर त्याने दोन पायांवर अगदी सपाट उभं करायला शिकवलं होतं. दिसायला झकास. तुम्ही डोक्यावर टॉवेल टाकून आलात, आमच्याकडे न बघता आधी पोराला खालून बाजूला केलंत आणि कापडाची फुगलेली झोळी तळहाताने हळूच वर ढकललीत. भडाभडा पाणी कडेवरून पडलं. मग म्हणालात, "पानीले वाट द्या, मंग ते काई करत नही."

घरी आल्यावर हिशेब केला. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. आमचं छप्पर साडेसात चौरस मीटरचं. वीस मिलिमीटरची एक सर सगळी साचली तर दीडशे लिटर, म्हणजे दीड क्विंटल. तेवढा कापूस त्या ॲल्युमिनियमच्या नळ्यांवर कोणी शेतकरी ठेवणार नाही.

तुम्ही केलंत ते खरं तर फार थोडं. बाहेरची कड गाडीच्या बाजूपेक्षा खाली घेतलीत, आणि तिच्यातही मागच्या चाकाकडचा पाय आणखी वीतभर उतरवलात, म्हणजे सगळं पाणी एकाच कोपऱ्यातून पडावं. दाराकडचा कोपरा मुद्दाम उंच ठेवलात. तरी मधे कापड सैल होतंच. त्यासाठी तुमच्या टेम्पोतून बांबूची एक कमची काढलीत, दोन्ही टोकांना सायकलच्या ट्यूबचे तुकडे गुंडाळलेत आणि गाडीपासून बाहेरच्या नळीपर्यंत कापडाखाली कमान करून अडकवलीत. मधोमध कणा आला, पाण्याला बसायला जागा राहिली नाही. टोकांना ट्यूब कशाला, तर कापडाला भोक पडू नये म्हणून. हे विचारावं लागलं, कारण तुम्ही काम करता तेव्हा बोलत नाही.

दोऱ्यांवर मात्र बोललात, आणि चांगलंच बोललात. आमची नायलॉनची दोरी बघून नाक मुरडलंत. नायलॉन भिजला की ढिला पडतो, सुताचा दोर भिजला की आवळतो, म्हणून एकाला पावसात पुन्हा ताणायचं आणि दुसऱ्याला आधीच थोडी ढील द्यायची. पायांना दोरी बांधताना मधे ट्यूबची पट्टी घातलीत, वाऱ्याचा हिसका ती खाते, मेख उपटत नाही. अशाच कामाची रबरी पट्टी मी दुकानात बघितली आहे, किंमत ऐकून परत ठेवली होती. पंक्चरवाला ती फुकट देतो! मेख सरळ ठोकायची नाही, डोकं छपरापासून लांब झुकवायचं. आणि ट्रकवाले ताडपत्री ताणताना मारतात ती गाठ तुम्ही पोराला शिकवलीत. आता घरात वाळत घालायची दोरीही तोच बांधतो.

दिव्याच्या वायरचं तर आमच्या कोणाच्या डोक्यात आलंच नसतं. बाहेरून आत येणारी वायर तुम्ही खिडकीच्या खाली झोळ देऊन मग वर घेतलीत. वायरवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाशी टपकतं, आत येत नाही.

तोरणमाळला यशवंत तलावाच्या बाजूला उभे राहिलो. समुद्रसपाटीपासून हजार मीटरच्या वरचं ठिकाण, श्रावणात ढग दारातूनच आत यायला बघतात. रात्री पाऊस जोरात लागला. पाणी ठरलेल्या कोपऱ्यातून धार धरून पडत राहिलं. बायकोने तिथे बादली लावली, ती भरली, भांडी त्याच पाण्यावर घासून झाली. तुम्ही बजावलं होतं तसं वारं उठल्यावर मात्र छप्पर सरळ गुंडाळून आत घेतलं. "पाऊस सोसा, वारं सोसू नका," हे सांगताना तुमचा आवाज बदलला होता. वळवाच्या वाऱ्यात मंडपाचं काय होतं हे तुम्ही बघितलेलं असणार. आमच्या रावेर-यावलकडच्या केळीवाल्यांनाही ते कोणी शिकवावं लागत नाही. ओलं गुंडाळलेलं कापड घरी येताच उघडून गच्चीवर वाळवलं, बुरशी धरलेली नाही.

आबा, तुमचा टेम्पो भरायचा होता, माणसं खोळंबली होती, तुम्ही स्वतः चिंब होतात. आम्ही कोण, कुठले, हेही विचारलं नाहीत. मनापासून आभार.

एक विचारायचं राहिलं. तुमच्याकडे त्या दिवशी खाली मुरूम होता, मेख घट्ट बसली. आमच्या जळगावकडे काळी माती. पावसात ती लोण्यासारखी होते आणि मेख बोटाने निघते. तिथे लांब मेख ठोकायची, की दोरी चाकाला बांधायची, की आडवं लाकूड पुरून त्याला बांधायची? पुढच्या पावसात पाटणादेवीकडे जायचा विचार आहे. आणि तुमची कमची अजून माझ्याकडेच आहे, तोरणमाळला परत येईन तेव्हा आणून देतो. नातवाला दोन ओळी लिहायला सांगा.

आपला,
जळगावचा गाडीवाला