टीएमसीच्या तक्त्यात मिलिमीटरचाही रकाना हवा

प्रति,
मा. जलसंपदा मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

महोदय,
सप्रेम नमस्कार.

पावसाळ्यात कोयना धरणात किती टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी झालं, हे आम्हा पाटण तालुक्यातल्या लोकांना सकाळी चहाच्या आधी कळतं. आवक, विसर्ग, वक्र दरवाजे किती फुटांवर, सगळं मोबाइलवर येतं. त्याच तक्त्यात आणखी एक रकाना हवा आहे: जमीन किती मिलिमीटर दबली.

कोयनेचा शिवसागर जलाशय भरला की १०५.२५ टीएमसी, म्हणजे जवळपास ३०० कोटी टन पाणी. त्यातलं बरंचसं चार महिन्यांत येतं आणि उन्हाळ्यापर्यंत निघून जातं. एवढ्या ओझ्याखाली कातळसुद्धा गादीसारखा किंचित दबतो आणि ओझं उतरलं की वर येतो. ॲमेझॉनकाठी मानाऊस इथे पुराच्या पाण्याने जमीन वर्षाकाठी पाच ते साडेसात सेंटिमीटर खालीवर होते, हे जीपीएसने मोजलेलं आहे. आपल्याकडे फरक त्याहून बराच लहान असणार, म्हणून तर मोजणी काटेकोर हवी.

भूकंपाचं भाकीत मागत नाही. ते यातून मिळणारही नाही. कोयनेच्या धक्क्यांमागे नुसतं वजन नाही, खडकाच्या भेगांत मुरणाऱ्या पाण्याचा दाबही आहे. पण ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपाची पहाट पाहिलेल्या भागात वजनाचा हिशेब तरी उघड्यावर असावा. 'सौम्य धक्का, घाबरण्याचे कारण नाही' एवढ्यावर आमची बोळवण नको.

मुख्य साधनं नवी आणायची नाहीत. इस्रो आणि नासाचा निसार उपग्रह जुलै २०२५ मध्ये अवकाशात गेला. तो दर १२ दिवसांनी तीच जमीन रडारने पाहतो. त्याच्या लांब लहरी झाडीतून बऱ्याच खोल उतरतात, आणि कोयनेच्या जंगलात नेमकं तेच लागतं. अडचण एकच, पण मोठी: पावसाळी हवेतली वाफ रडारची लहर रेंगाळवते आणि जमीन न हलताही हलल्यासारखी दिसते. ओझंही पावसाळ्यात वाढतं, वाफही तेव्हाच. दोन्ही वेगळं करायचं तर जमिनीवर सतत चालणारी उपग्रह-स्थाननिश्चितीची केंद्रं लागतात.

तशी केंद्रं भारतीय सर्वेक्षण विभागाने राज्यात उभारली आहेत. भूमी अभिलेखचा मोजणीदार रोव्हर (उपग्रहांवरून जागा मोजणारं यंत्र) घेऊन बांधावर येतो, तो त्यांच्याच भरवशावर. बांधाच्या भांडणात अक्षांश-रेखांश कामी येतात, उंचीकडे कोण बघतो! आम्हाला ती उंचीच हवी आहे, रोजची.

तेव्हा विनंती अशी. जलाशयालगत काही केंद्रं आणि लांबवर काही, अशी जोडी निवडा, कारण पाऊस धरणाबाहेरच्या डोंगरातही मुरतो आणि तोही जमीन दाबतो. केंद्रासाठी नवीन खांब लागलाच तर कचेरीच्या गच्चीवर नको, उघड्या कातळात रोवा. उन्हाने इमारतच मिलिमीटरभर वाढते. निसारला ठळक दिसतील असे धातूचे त्रिकोणी परावर्तक त्याच जागी बसवा. कराडला केंद्र सरकारची भूभौतिकी प्रयोगशाळा आहे, तिथल्या शास्त्रज्ञांना या कामात घ्या. आणि आकडे फायलीत न ठेवता पाणीपातळीच्या शेजारी टाका.

१ जूनला धरणाचं नवं वर्ष सुरू होतं. त्याआधी ही जुळणी झाली, तर येता पावसाळा पहिल्या थेंबापासून मोजता येईल.

कळावे,
पाटण तालुक्यातील एक रहिवासी