नव्या सेडानमधील दोष आणि ‘या मॉडेलच्या सगळ्याच गाड्या अशा आहेत’ हे उत्तर

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सध्या उंच एसयूव्ही गाड्यांची चलती असली, तरी महामार्गावर स्थिर चालणारी, डिकीत कुटुंबाचे सामान मावणारी आणि मागच्या बाकावर आई-वडिलांना ऐसपैस बसता येणारी गाडी हवी म्हणून सेडान घेणारी मंडळी अजूनही पुष्कळ आहेत. दहा-पंधरा लाखांची ही खरेदी बहुतेक घरांत घरानंतरची सर्वांत मोठी असते आणि तिचे हप्ते पाच-सात वर्षे चालतात. अशीच एक नवी सेडान आमच्याही घरी आली. पहिल्या वर्षातच तिच्यात जे दोष दिसू लागले, त्यांविषयी सातारा, पुणे, कोल्हापूर आणि नाशिक येथील त्याच मॉडेलच्या मालकांशी बोलणे झाले. आम्ही आपापली जॉबकार्डे, म्हणजे सर्व्हिस सेंटरने तक्रार आणि दुरुस्ती नोंदवलेले कागद, शेजारी ठेवून वाचली, तेव्हा एक गोष्ट स्पष्ट झाली. तक्रारी सारख्या होत्या, कित्येकदा शब्दही सारखे होते आणि तरीही प्रत्येकाला आपापल्या सर्व्हिस सेंटरमध्ये ‘अशी तक्रार पहिल्यांदाच आली’ असे सांगण्यात आले होते. हे पत्र कोणा एका कंपनीविरुद्ध नाही, म्हणून कंपनीचे नाव लिहीत नाही. इतर कंपन्यांच्या सेडान वापरणाऱ्या परिचितांचा अनुभवही याहून फारसा वेगळा नाही.

सर्वांत त्रासदायक दोष ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचा. आमच्या गाडीत दोन क्लचचा गिअरबॉक्स आहे. त्यात एक क्लच विषम गिअर सांभाळतो, दुसरा सम गिअर, आणि पुढचा गिअर आधीच तयार असल्याने मोकळ्या रस्त्यावर गिअर बदलल्याचे कळतही नाही. पण हे क्लच तेलात बुडालेले नसून कोरडे असतील, तर वाहतूक कोंडीत त्यांचे हाल होतात. गाडी पावला-पावलाने सरकत असताना क्लच पूर्ण लागतही नाही आणि पूर्ण सुटतही नाही. तो घासत राहतो आणि तापतो. खंबाटकी घाटात किंवा चांदणी चौकातल्या चढावर रांगेत अर्धा-पाऊण तास काढला की गाडी पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये आचके देऊ लागते, थांबून पुन्हा निघताना क्षणभर मागे घरंगळते आणि मग एकदम पुढे झेपावते. मागे ट्रक उभा असताना हा क्षण किती मोठा वाटतो, हे ज्याने अनुभवले त्यालाच कळेल.

तक्रार घेऊन गेल्यावर काय होते, ते बारकाईने सांगणे आवश्यक आहे, कारण खरी अडचण तिथेच आहे. गाडी सकाळी सर्व्हिस सेंटरमध्ये लागते. इंजिन थंड, रस्ता सपाट आणि मोकळा. सर्व्हिस अॅडव्हायझर दोन किलोमीटर फिरवून आणतो आणि ‘दोष आढळला नाही’ असे लिहितो. दोष तापल्यानंतर येतो, चढावर येतो, हे कितीही सांगितले तरी चाचणी तशी होत नाही. फार आग्रह धरला, तर संगणक जोडून क्लचची शिकवणी नव्याने केली जाते, म्हणजे क्लच नेमका कोणत्या ठिकाणी पकड घेतो हे गाडीच्या नियंत्रण यंत्रणेला पुन्हा नोंदवायला लावतात. त्यानंतर काही दिवस गाडी लोण्यासारखी चालते आणि मग आचके परत सुरू होतात. दरम्यान जॉबकार्डावर ‘तक्रार निवारण’ अशी नोंद होऊन गेलेली असते. पुढच्या खेपेस तीच तक्रार नवी तक्रार म्हणून नोंदवली जाते. एकच दोष वर्षभर टिकून राहिला, हे कागदावर कुठेही दिसत नाही आणि उद्या दाद मागायची वेळ आली, तर मालकाच्या हातात सुट्या, निकाली निघालेल्या तक्रारींचा गठ्ठा तेवढा उरतो.

दुसरा दोष वरवर किरकोळ वाटतो, पण तो तसा नाही. उन्हाळ्यात एसी लावून लांबचा प्रवास केला की पुढच्या डाव्या बाजूचे पायपुसणे ओले लागते. सर्व्हिस सेंटरचे पहिले उत्तर ‘पावसाचे पाणी आले असेल’ असे असते, मग तो एप्रिल महिना का असेना. पाणी स्वच्छ आणि बिनवासाचे असेल आणि फक्त एसी चालल्यावरच येत असेल, तर ते एसीच्या थंड जाळीवर जमणारे पाणी होय. ते एका रबरी नळीतून गाडीखाली पडायला हवे. ही नळी तुंबली किंवा कारखान्यात नीट बसवलीच गेली नसेल, तर पाणी आत उतरते. एका अनुभवी मेकॅनिकने माझ्यासमोर गालिचा उचलून दाखवला. वरचे कापड जेमतेम दमट होते, पण खालचा जाड फोम हाताने दाबताच पिळल्यासारखे पाणी निघाले. त्याच फोमखालून वायरिंगचा जुडगा जात होता आणि एका जोडणीच्या पितळी पिनांवर हिरवा थर चढू लागला होता. नळी बसवायला त्याला फार वेळ लागला नाही. पण तोवर जे पाणी मुरले, त्यातून पुढे सेन्सर बिघडले, तर तो दोष या नळीशी कोण जोडणार? वॉरंटी संपल्यावर तो नवाच बिघाड ठरेल आणि त्याचे बिल मालकाच्या नावावर फाटेल.

बाकीचे दोष थोडक्यात सांगतो. टचस्क्रीन मध्येच काळी पडते आणि गाडी मागे घेताना कॅमेऱ्याचे चित्रच येत नाही. गाडी चार दिवस उभी राहिली की बॅटरी बसते आणि ‘तुम्ही गाडी कमी चालवता’ असे ऐकावे लागते. गतिरोधकावरून हळू उतरतानाही पुढच्या सस्पेन्शनमधून ठक् असा आवाज येतो. डॅशबोर्डमधली खडखड आहे, पावसाळ्यात दिव्यांच्या काचेआत धरणारे बाष्प आहे, अलाइनमेंट करूनही डावीकडे ओढणारी गाडी आहे. यांतला एकेक दोष सहन करता येईल. पण नवी गाडी घेऊन महिन्या-दोन महिन्यांनी रजा काढून सर्व्हिस सेंटरच्या सोफ्यावर बसायचे, हे नोकरदार माणसाने किती काळ करावे?

मला सर्वांत जास्त खटकते ते एक उत्तर. सुरुवातीला ‘तुमच्याच गाडीत आहे’ म्हणणारे लोक, आपण दुसऱ्या मालकांची जॉबकार्डे पुढे केली की ‘या मॉडेलच्या सगळ्याच गाड्या अशा आहेत, हे नॉर्मल आहे’ असे म्हणू लागतात. सगळ्याच गाड्यांत तोच दोष असेल, तर तो रचनेतला किंवा उत्पादनातला दोष ठरतो आणि उत्पादकाची जबाबदारी त्यामुळे वाढते. कंपन्यांना हे माहीत नसते असेही नाही. कोणता भाग किती गाड्यांत वॉरंटीखाली बदलला, याची नोंद त्यांच्याकडे जमा होते आणि त्यावरून विक्रेत्यांना तांत्रिक परिपत्रके जातात: अमुक आवाज आला तर अमुक बुश बदला, अमुक तक्रार आली तर सॉफ्टवेअरची अमुक आवृत्ती टाका. गाडीचे पैसे मोजणाऱ्याला मात्र ही परिपत्रके दिसत नाहीत. जो मालक भांडतो त्याचा भाग बदलला जातो, जो मुकाट्याने ऐकून घेतो तो तसाच परत जातो. एकाच वॉरंटीचे असे दोन भाव असणे हा सरळसरळ अन्याय आहे.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन (सुधारणा) कायदा 2019 ने कलम 110-अ आणले आणि सदोष वाहने माघारी बोलावण्याचा आदेश उत्पादकाला देण्याचा अधिकार केंद्र सरकारला मिळाला. त्याचे नियम 1 एप्रिल 2021 पासून लागू आहेत, दंड एक कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो आणि मालकाने तक्रार नोंदवण्यासाठी केंद्राचे पोर्टलही आहे. ही चांगलीच सुधारणा आहे. पण आदेश निघण्यासाठी दोष पर्यावरणाला, गाडीतल्यांना किंवा रस्त्यावरच्या इतरांना अपायकारक असावा लागतो आणि तो चाचणी संस्थेकडून वा अन्य मार्गाने सरकारला कळला नसेल, तर तक्रारींची संख्या त्या मॉडेलच्या विक्रीच्या प्रमाणात ठरलेल्या आकड्यापर्यंत पोहोचावी लागते. आता ज्या मालकाला ‘हे नॉर्मल आहे’ असे सांगून घरी पाठवले, तो पोर्टलवर तक्रार नोंदवेल तरी कशाला? सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर गिळली गेलेली प्रत्येक तक्रार या आकड्यातून वजा होते.

अमेरिकेत महामार्ग वाहतूक सुरक्षेच्या राष्ट्रीय संस्थेकडे आलेल्या तक्रारी मॉडेल आणि वर्षानुसार कोणालाही वाचता येतात आणि उत्पादकांनी विक्रेत्यांना पाठवलेली तांत्रिक परिपत्रकेही तिथे उपलब्ध असतात. शिवाय वारंवार दुरुस्त करूनही न सुधारणारी नवी गाडी बदलून किंवा पैसे परत मिळण्यासाठी तिथल्या राज्यांत स्वतंत्र कायदे आहेत. कनेटिकटने असा कायदा 1982 मध्येच केला. चीनमध्ये 2013 साली दोन क्लचच्या गिअरबॉक्सबद्दलच्या तक्रारी सरकारी दूरचित्रवाणीने मांडल्यानंतर फोक्सवॅगनने 3,84,181 गाड्या माघारी बोलावल्या. आपल्याकडेही हे अशक्य नाही. होंडाने एप्रिल 2021 मध्ये इंधन पंपातील सदोष भागासाठी सिटी आणि अमेझ या सेडानसह 77,954 गाड्या भारतात माघारी बोलावून पंप विनामूल्य बदलून दिले आणि आपली गाडी त्यात आहे का, हे चासिस क्रमांक टाकून पाहण्याची सोयही केली. दोष जाहीर केल्याने कंपनी बुडत नाही, हे यातून दिसते.

विक्रेता आणि उत्पादक यांच्यातील टोलवाटोलवी हा वेगळाच विषय आहे. सर्व्हिस सेंटर म्हणते, ‘कंपनीची मंजुरी येत नाही’. कंपनीचा ग्राहक कक्ष म्हणतो, ‘विक्रेत्याशी बोला’. गोव्यातील एका ग्राहकाच्या खटल्यात 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की विक्रेता आणि उत्पादक हे दोन स्वतंत्र व्यावसायिक असतील, तर विक्रेत्याच्या गैरकृत्याची जबाबदारी, उत्पादकाला त्याची माहिती असल्याचे सिद्ध झाल्याशिवाय, उत्पादकावर टाकता येणार नाही. म्हणजे आपले भांडण कोणाशी आहे हे मालकाला पहिल्या दिवसापासून ओळखता आले पाहिजे आणि त्यासाठी प्रत्येक तक्रार दोघांकडेही लेखी पोहोचली पाहिजे.

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने तीन गोष्टी कराव्यात, अशी माझी मागणी आहे. जॉबकार्डावर तक्रार मालकाच्याच शब्दांत लिहिणे आणि संगणकावर दिसलेल्या दोष-संकेतांची छापील प्रत त्याला देणे बंधनकारक करावे. विक्रेत्यांना पाठवलेले प्रत्येक तांत्रिक परिपत्रक कंपनीच्या संकेतस्थळावर खुले ठेवायला लावावे. आणि माघारी बोलावण्याच्या पोर्टलवरील तक्रारी, मालकांची नावे वगळून, मॉडेलनुसार सर्वांना वाचता याव्यात. यांतली पहिली गोष्ट व्हायला नवा कायदा येण्याची वाट पाहण्याचे कारण नाही. विक्रेत्यांच्या मनात असेल तर ती उद्यापासून होऊ शकते.

तोपर्यंत ज्यांची गाडी नवी आहे, त्यांनी काही पथ्ये पाळावीत असे सुचवतो. ताबा घेण्यापूर्वी चासिस क्रमांक आणि उत्पादनाचा महिना कागदपत्रांशी ताडून पाहावा. दोष दिसताच मोबाइलवर चित्रीकरण करावे. तापल्यावर येणाऱ्या दोषासाठी सर्व्हिस सेंटरच्या माणसाला गाडी तापलेली असतानाच शेजारी बसवून त्याच चढावर न्यावे आणि चाचणीचा मार्ग व निष्कर्ष जॉबकार्डावर लिहून घ्यावा. तक्रार सुटली नसेल तर ‘समाधानकारक’ अशा रकान्यावर सही करू नये; शेरा लिहूनच सही करावी. टोलवाटोलवी सुरू झाली की 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी.

तेवढ्याने भागले नाही, तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. ग्राहक संरक्षण कायदा 2019 नुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार दाखल करता येते. कंपनीचे मुख्यालय गुरुग्राममध्ये असो वा चेन्नईत. पन्नास लाखांपर्यंतच्या खरेदीची प्रकरणे जिल्हा आयोगाकडे चालतात आणि दहा ते वीस लाखांच्या गाडीसाठी शुल्क अवघे 400 रुपये आहे. मात्र उत्पादनातील दोष सिद्ध करण्यासाठी बहुतेकदा तज्ज्ञांचा अहवाल लागतो आणि आयोगाने गाडी तपासणीला पाठवली, तर तिचे शुल्क आधी तक्रारदाराने भरायचे असते. इथे राज्य सरकारला करण्यासारखे बरेच आहे. पुण्यात एआरएआयसारखी वाहन चाचणी संस्था 1966 पासून आहे, गावोगावी सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालये आणि तंत्रनिकेतने आहेत. त्यांतील ऑटोमोबाइल विभागांची यादी करून वाजवी दरात तपासणी अहवाल मिळण्याची सोय प्रत्येक जिल्हा आयोगाशी जोडून द्यावी. आणि मालकांनी एक लक्षात ठेवावे की दाद मागण्याची मुदत तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची असते, तर वॉरंटी बहुधा त्याहून लांब असते. ‘पुढच्या सर्व्हिसिंगला पाहू’ या आश्वासनावर थांबलेल्या कित्येकांची ही मुदत वॉरंटी संपण्याआधीच निघून जाते.

आपला विश्वासू,
एक सेडानमालक, सातारा