अठ्ठेचाळीस पराभव एकाच्या नावावर

चि. मुक्तास,

अनेक आशीर्वाद.

तुझा रात्रीचा मेसेज वाचला. पुन्हा हरलात, पुन्हा सगळ्यात जास्त धावा तुझ्याच ओव्हरमध्ये गेल्या, आणि आता कॅप्टनला ‘मला बॉलिंग देऊ नकोस’ असं सांगायचं तुझ्या मनात आहे. फोनवर हा विषय नीट होणार नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

तुला जॉन कोलमनबद्दल सांगायचंय. अमेरिकेतला बेसबॉलचा पिचर, म्हणजे आपल्या बॉलरसारखा चेंडू टाकणारा, 1883 सालचा. तेव्हा तो वीस वर्षांचा होता, म्हणजे तुझ्याच वयाचा. त्या वर्षी नॅशनल लीग या तिथल्या बेसबॉल स्पर्धेत फिलाडेल्फियाचा नवा संघ उतरला. आज त्याला फिलीज म्हणतात. लीगने वुस्टर या छोट्या शहराचा संघ काढून टाकला आणि ती जागा फिलाडेल्फियाला दिली. पण मिळाली ती नुसती जागा, खेळाडू नाहीत. मालक अल रीच हा स्वतः जुना खेळाडू, खेळाच्या सामानाचा व्यापारी. त्याला सगळा संघ नव्याने जमवावा लागला. बाकीच्या संघांनी आपले चांगले खेळाडू करारात बांधून ठेवले होते. शेवटच्या पंगतीला बसणाऱ्याच्या पानात जे पडतं, तेच रीचच्या वाट्याला आलं.

पहिला सामना 1 मे रोजी, प्रॉव्हिडन्सशी. 4–3 असा हरले. एका धावेने. त्या दिवशी कुणाला वाटलं असेल की हा संघ वर्षभरात 17 सामने जिंकेल आणि 81 हरेल? आठ संघांत आठवा नंबर, सातव्या डेट्रॉइटच्याही कितीतरी मागे. त्यात शहरात आधीपासून दुसरा संघ होता, ॲथलेटिक्स. तो दुसऱ्या लीगमधला, आणि नेमकं त्याच वर्षी त्याने तिथलं विजेतेपद मिळवलं. त्याचं तिकीट 25 सेंट, नॅशनल लीगचं 50. शेवटी लीगने फिलाडेल्फियाला तिकीट अर्ध्यावर आणायची परवानगी दिली. त्या गावात हरणाऱ्या संघाकडून खेळायला रोज मैदानात उतरणं काय असेल, याचा विचार कर.

21 ऑगस्टचा सामना तर बघवत नाही. पुन्हा प्रॉव्हिडन्स, 28–0. त्या दिवशी आर्ट हेगन पिचिंग करत होता आणि शेवटपर्यंत त्यालाच ठेवलं. तेव्हा दुखापत झाल्याशिवाय सहसा बदली खेळाडू घेता येत नसे. पिचरला हलवायचंच तर मैदानातल्याच कुणाशी त्याची जागा बदलायची. 28 धावा गेल्या तरी त्याला कुणी हलवलं नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

आता कोलमनचे आकडे. त्या एका मोसमात तो 12 सामने जिंकला आणि 48 हरला. एका मोसमात एवढे पराभव त्याच्याआधी कुणाच्या नावावर नव्हते आणि त्यानंतर आजपर्यंत झाले नाहीत. एवढंच वाचलं तर वाटतं, हा पोरगा संघात होताच कशाला?

पण मी आयुष्यभर गुणलेखन केलंय, त्यामुळे मला पुढचे रकाने वाचल्याशिवाय राहवत नाही. कोलमनने 538 इनिंग टाकल्या (बेसबॉलच्या एका सामन्यात साधारण नऊ असतात). संघाचे निकाल लागलेले सामने 98, त्यातल्या 60 सामन्यांचा निकाल त्याच्या एकट्याच्या नावावर. 772 हिट, म्हणजे बॅटरला बेस मिळवून देणारे फटके बसले, 510 धावा गेल्या. आणि या 510 मधल्या दोनशेहून जास्त धावा त्याच्या हिशेबात धरलेल्याच नाहीत, कारण त्या क्षेत्ररक्षकांच्या चुकांतून आल्या. तेव्हा बहुतेक जण उघड्या हातांनी खेळायचे. चेंडू हातातून सुटायचा, बेसवर केलेली फेक भलतीकडे जायची, आणि पुढच्या बॅटरसाठी पुन्हा कोलमनच चेंडू घेऊन उभा. पराभव मात्र पिचरच्या नावापुढे लिहायचा, अशी रीत.

तुझ्या मागच्या सामन्याची स्कोअरशीट तू पाठवली होतीस, ती मी पेन्सिल घेऊन बसून पाहिली. तुझ्या बॉलिंगवर स्लिपमध्ये एक आणि मिडऑनला एक, असे दोन झेल सुटले. ज्या दोघींचे सुटले त्यांनीच पुढे सगळ्यात जास्त धावा केल्या. हे तुझ्या पृथक्करणात कुठेच दिसत नाही. झेल सोडणाऱ्या मुलींना मी दोष देत नाही. नवा संघ आहे, हात बसायला वेळ लागतो. पण जो आकडा अर्धीच गोष्ट सांगतो, त्याच्या जोरावर तू बॉलिंग सोडू नयेस.

रीचने पुढे काय केलं तेही सांगतो, कारण मला ते फार आवडतं. त्याने 1884 साठी हॅरी राइटला आणलं. राइट इंग्लंडात जन्मलेला, व्यावसायिक क्रिकेटपटूचा मुलगा, स्वतःही क्रिकेट खेळलेला. 1869 साली सिनसिनाटीचा पहिला उघडउघड व्यावसायिक संघ त्यानेच बांधला होता. त्याचा भर सरावावर. सामन्याआधी क्षेत्ररक्षकांना उंच झेल द्यायचे, फेक चुकली तर मागे कोण धावेल ते आधी ठरवून ठेवायचं. पहिल्या वर्षी 39 विजय, आणि 1885 मध्ये 56 विजय, 54 पराभव, तिसरा नंबर. आपल्या मुंबईच्या पारशी संघाचंही असंच. 1886 मध्ये इंग्लंडला गेले आणि 28 सामन्यांत एकच जिंकले. दोन वर्षांनी परत गेले तेव्हा आठ जिंकले, आणि त्यांचा गोलंदाज पावरी याने त्या दौऱ्यात 170 बळी घेतले.

कोलमन नंतर जास्त करून आउटफिल्डमध्ये, म्हणजे दूरच्या क्षेत्ररक्षणात खेळला, 1890 पर्यंत मैदानावर होता. 1883 मध्ये मात्र चेंडू बहुतेक वेळा त्याच्याच हातात होता, म्हणून तर 48 भरले.

तेव्हा कॅप्टनशी बोलच, पण वेगळं बोल. सरावाची पहिली वीस मिनिटं फक्त झेलांसाठी मागून घे, स्लिप आणि मिडऑनला झेल सोडणाऱ्या त्याच दोघींना उभं कर, आणि बॉलिंग तू टाक. शनिवारच्या सामन्याला मी आणि आई पहाटेच्या एसटीने निघतोय. आईने तुम्हा सगळ्यांसाठी धपाटे करायचं ठरवलंय, किती जणी आहात ते उद्या कळव. तुमच्या गुणलेखकाला सांग, माझ्यासाठी एक खुर्ची शेजारी ठेव. सुटलेले झेल मी वेगळे लिहून घेणार आहे.

तुझे,
बाबा